बैठं काम: सलग बसण्यात खंड कसा पाडता?

पाऊलखूण | सोमवार, रात्री ९.१५

गेली चौदा वर्षं माझं काम खुर्चीतलं आहे. हिशेब तपासायचे, ताळा जमवायचा, अहवाल लिहायचे. दिवसाचे नऊ-दहा तास पडद्यासमोर जातात. सहा वर्षं झाली, रोज पहाटे चाळीस मिनिटं भरभर चालतो. आजारपण सोडलं तर एकही दिवस चुकवलेला नाही. त्यामुळे तब्येतीच्या बाबतीत मी निर्धास्त होतो.

गेल्या महिन्यात वार्षिक तपासणी झाली. उपाशीपोटी साखर १०८ आली, रक्तातली चरबीही वाढलेली. घाबरण्यासारखं काही नाही, पण मधुमेहाच्या अलीकडच्या पट्ट्यात मी आलोय असं डॉक्टर म्हणाले. मी लगेच माझ्या चालण्याचं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "चालून आल्यावर काय करता?" कामाला बसतो. "मग उठता कधी?" याचं उत्तर मला देता आलं नाही.

घरी येऊन आठवडाभर वही ठेवली. बसलो की वेळ लिहायची, उठलो की लिहायची. सगळ्यात लांब सलग बैठक ३ तास १० मिनिटांची निघाली. त्या दिवशी खुर्चीतून उठल्यावर कंबर सरळ व्हायला चार-पाच पावलं टाकावी लागली, तेही वहीत आहे.

व्यायाम कोणता करावा हे मला विचारायचं नाही. तुम्ही काम करता करता, डोक्यातली संगती न तुटता, सलग बसण्यात खंड कसा पाडता? जे महिनोन्महिने टिकलंय तेच सांगा.

टाचणी | सोमवार, रात्री ९.४८

मी उभं राहून काम करायचं मेज घेतलं आहे. पहिल्या आठवड्यात पाच-पाच तास उभी राहिले. आता टाचा इतक्या दुखतात की सकाळी पहिलं पाऊल टाकवत नाही. मेज तसंच पडून आहे. माझं काय चुकलं?

रानजाई | सोमवार, रात्री १०.३०

मी भौतिकोपचार करते. माझ्याकडे येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त लोक बैठ्या कामाचे असतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पाऊलखूण, तुमच्या डॉक्टरांनी नेमकं तेच विचारलं. आपण बसतो तेव्हा मांड्यांचे, नितंबांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू जवळजवळ पूर्ण विसावतात. शरीरातले हे सगळ्यात मोठे स्नायू. ते आखडतात-सैलावतात तेव्हा रक्तातली साखर ओढून घेतात, आणि या ओढण्याला इन्सुलिनची वाट पाहावी लागत नाही. स्नायू हलला की पेशीची साखरेची दारं आपोआप उघडतात. ज्याचं इन्सुलिन नीट काम करेनासं झालंय त्याच्यासाठी ही फार मोलाची सोय आहे. पोटरीचं आणखी एक काम असतं: पायातलं रक्त वर हृदयाकडे ढकलणं. तासन्‌तास ती हललीच नाही तर संध्याकाळी पाय जड होतात, मोज्याचा वळ उठतो.

ऑस्ट्रेलियातला एक प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाला. वजन जास्त असलेल्या १९ जणांना साखर आणि स्निग्धांश असलेलं पेय देऊन पाच तास बसवलं. एका दिवशी सलग, तर इतर दोन दिवशी दर २० मिनिटांनी २ मिनिटं चालायला लावून, एकदा रमतगमत आणि एकदा भरभर. चालण्याच्या दिवशी पेयानंतरची साखरेची वाढ सुमारे पाव हिश्शाने कमी भरली. मला यातली सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे, रमतगमत चालणं आणि भरभर चालणं यांत फारसा फरक पडला नाही. म्हणजे घाम यायला हवा असं नाही, उठायला मात्र हवं.

टाचणी, तुमचं चुकलं एवढंच की बसून एका जागी राहण्याऐवजी उभं एका जागी राहिलात. नुसतं उभं राहिल्याने बसण्यापेक्षा मिनिटाला साधारण ०.१५ कॅलरी जास्त खर्च होतात, म्हणजे तासाला नऊ. त्यापायी टाचांचे हाल कशाला? उभं राहण्याचा खरा फायदा असा की उभा माणूस सहज दोन पावलं टाकतो, भार या पायावरून त्या पायावर घेतो. वीस मिनिटं उभं, मग बसणं, मग थोडं चालणं, असं आलटूनपालटून करा. पायाखाली मऊ चटई हवी आणि घरातही अनवाणी नको. पहिल्या पावलाची कळ तीन-चार आठवड्यांत गेली नाही तर टाच दाखवून घ्या.

टाचणी | सोमवार, रात्री १०.४१

मनापासून आभार, ताई. मेज विकायला काढणार होते, आता थांबते.

देवचाफा | मंगळवार, सकाळी ७.०५

रानजाईंच्या लिहिण्याला जोड म्हणून थोडा इतिहास. निवृत्त झाल्यापासून माझा हाच अभ्यास चालू आहे.

बैठ्या कामाचा त्रास संगणकाने आणलेला नाही. बेर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० साली कामकऱ्यांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. त्यात बसून काम करणाऱ्या शिंप्यांवर आणि चांभारांवर प्रकरण आहे, आणि १७१३ च्या वाढवलेल्या आवृत्तीत लेखनिकांवरही आहे. लेखनिकांच्या दुखण्याची त्याने तीन कारणं दिली: सतत बसणं, हाताची सतत एकाच दिशेची हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण. पाऊलखूण, तुमच्या हिशेब तपासण्याला यातलं काय लागू पडत नाही? रोग्याला तपासताना 'तुझा धंदा काय' हे विचारलंच पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. तुमच्या डॉक्टरांनी तीच रीत पाळली.

दुसरा टप्पा १९५३ चा. जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरने लंडनच्या बसवाल्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चालक आणि वाहक एकाच बसमध्ये, एकाच रस्त्यावर, एकाच हवेत. फरक इतकाच की चालक दिवसभर बसलेला आणि वाहक दुमजली बसच्या पायऱ्या दिवसातून शेकडो वेळा चढणारा-उतरणारा. हृदयविकाराचं प्रमाण वाहकांत कमी निघालं, आणि ज्यांना झाला त्यांना तो उशिरा आणि सौम्य झाला. शंका येणं साहजिक होतं: मुळात स्थूल माणसंच चालकाची नोकरी धरत असतील का? त्यासाठी मॉरिस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गणवेशांची मापं तपासली. चालकांच्या विजारीचा कमरेचा घेर खरोखर जास्त होता, म्हणजे शंकेत तथ्य होतं आणि त्यांनी ते लपवलं नाही. पण टपाल खात्यातही तसंच चित्र दिसलं. पायी टपाल वाटणारे आणि बसून काम करणारे यांत हृदयविकार बसणाऱ्यांत जास्त होता. मॉरिस स्वतः नव्वदी ओलांडल्यावरही व्यायाम करत होता आणि २००९ साली ९९ व्या वर्षी वारला.

मला यातलं आवडतं ते हे की वाहक व्यायाम म्हणून काहीच करत नव्हता. त्याचं कामच त्याला हलवत होतं. आपल्या कामातून ती हालचाल निघून गेली आहे, ती परत कुठे घालता येईल हे शोधायचं.

कोरापान | मंगळवार, सकाळी ९.२०

माझं मत वेगळं आहे. मी रोज सव्वा तास सायकल चालवतो, दहा तास बसतो, आणि माझे सगळे अहवाल उत्तम आहेत. २०१६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दहा लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून केलेलं विश्लेषण आलं होतं. रोज ६० ते ७५ मिनिटं मध्यम व्यायाम करणाऱ्यांत आठ तासांहून जास्त बसण्याचा मृत्यूशी असलेला संबंध जवळपास पुसला गेला होता. मग दर अर्ध्या तासाने उठून काम मोडायची गरज काय? एकदा बैठक लागली की ती मोडणं मला तरी परवडत नाही.

रानजाई | मंगळवार, दुपारी १.३०

कोरापान, तुम्ही दिलेलं विश्लेषण बरोबर आहे आणि तुमची सायकल बंद करा असं कोणीच म्हणणार नाही. पण दोन गोष्टी बघा. रोज तासभराहून जास्त व्यायाम ही पुष्कळांच्या आवाक्याबाहेरची गोष्ट आहे. पाऊलखूण सहा वर्षं निष्ठेने चालतायत तरी तो आकडा गाठत नाहीत. आणि ते विश्लेषण मृत्यूबद्दल बोलतं, कंबरेबद्दल आणि मानेबद्दल नाही. पाठीच्या मणक्यांमधल्या चकत्यांना स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. आजूबाजूने पाझरून येईल तेवढंच पोषण त्यांना मिळतं, आणि दाब पडण्या-सुटण्याची त्याला मदत होते. तीन तास एकाच कोनात बसलात तर दाब सुटतच नाही, मग सकाळी सायकल चालवलेली असो वा नसो.

बैठक लागण्याबद्दल मात्र तुमच्याशी सहमत. गजर लावून उठणं माझ्या बहुतेक रुग्णांना दोन आठवड्यांपलीकडे जमत नाही. गजर लावण्यापेक्षा कामाचा सांधा पकडा. एक कागद संपला, एक पत्र पाठवलं, एक फोन ठेवला, की उठायचं. डोकं तसंही त्या क्षणी मोकळं असतं.

कोरापान | मंगळवार, दुपारी २.१०

चकत्यांचं माहीत नव्हतं. सांधा पकडण्याची कल्पना पटली, करून बघतो.

आडवाट | मंगळवार, रात्री ११.५५

सगळं वाचलं. माझं काम फोनवर ग्राहकांच्या तक्रारी घेण्याचं आहे. कानाला संच, समोर पडदा, आणि कोपऱ्यात एक घड्याळ, मी जागेवरून किती मिनिटं दूर आहे हे मोजणारं. आठ तासांत जेवणाशिवाय दोनदा पंधरा मिनिटं सुट्टी. त्याबाहेर उठलं तर महिन्याच्या शेवटी गुण कापले जातात. लघवीला जायचं तरी हात वर करून विचारावं लागतं. म्हणून मी पाणी कमी पिते. गेल्या वर्षी दोनदा मूत्रमार्गाचा संसर्ग झाला.

तुम्ही सगळे चांगल्या मनाने लिहिताय. पण 'उठा' हे सांगणं ज्यांना उठता येतं त्यांच्यासाठी आहे. माझ्यासारखीने काय करायचं?

पाऊलखूण | बुधवार, सकाळी ६.२०

आडवाट, तुमची पोस्ट वाचून रात्री झोप लागली नाही. मी तीन तास बसलो ते माझ्या सवयीने, मला कोणी बांधून ठेवलं नव्हतं. तुमच्याबाबतीत ते कामाच्या अटीत लिहिलेलं आहे. प्रश्न विचारताना हा फरक माझ्या ध्यानातच आला नव्हता.

रानजाई | बुधवार, सकाळी ८.४५

आडवाट, पहिलं पाण्याचं. पाणी तोडू नका. दोन संसर्गांनंतर तुमच्या डॉक्टरांकडून लेखी घ्या की कामाच्या वेळेत पुरेसं पाणी पिणं आणि गरज पडेल तेव्हा उठणं वैद्यकीय दृष्ट्या आवश्यक आहे. तोंडी विनंती टाळता येते, कागद टाळणं अवघड जातं.

दुसरं, तुमचा संच तारेचा आहे का? असला तर लांब तार मागा. ग्राहकाशी बोलायला बसावंच लागतं असं नाही. पडद्यावर टंकायचं नसेल तेव्हा खुर्चीमागे उभं राहून बोलता येतं, आणि घड्याळाच्या लेखी तुम्ही जागेवरच असता.

तिसरं, बसल्याबसल्या करायचं. तळवे जमिनीवर टेकवून टाचा उचला, सावकाश खाली आणा. चवडे उचला, खाली आणा. एका फोनभर करत राहा. पोटरी हलते, रक्त वर चढतं. मांडीखाली खुर्चीची कड रुतत असेल तर पायाखाली ठोकळा घ्या.

आणि हे निरुपयोगी समजू नका. २०२३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून आलेल्या एका लहानशा प्रयोगात, ११ जणांच्याच, चालण्याची वेगवेगळी मात्रा तपासली होती. साखर नीट उतरायला दर अर्ध्या तासाने पाच मिनिटं चालावं लागलं, ते तुम्हाला शक्य नाही. पण तासाला एक मिनिट चालल्यानेही वरचा रक्तदाब पाचेक अंकांनी खाली आला. एक मिनिट म्हणजे पाण्याची बाटली भरून आणणं.

देवचाफा | बुधवार, सकाळी १०.१५

आडवाट, माझ्या नोकरीच्या काळात मी एका कामगार संघटनेचं टिपणं लिहिण्याचं काम केलं आहे. एकटीने मागू नका. तुमच्या रांगेतल्या सहा-सात जणींनी मिळून, एकच मागणी, एका पानावर: लांब तार आणि तासाला दोन मिनिटं. मागणी जितकी लहान तितकी ती नाकारणाऱ्याला कारण शोधावं लागतं. सोबत आजारपणाच्या रजांचा हिशेब जोडा. पाठदुखीने आणि संसर्गाने किती दिवस बुडाले, हा आकडा त्यांना तुमच्या दुखण्यापेक्षा लवकर कळतो.

सांजपाखरू | बुधवार, दुपारी ३.४०

मी घरून काम करते, बाळ दीड वर्षाचं आहे. सलग अर्धा तास व्यायाम हे स्वप्नच. आठवड्याला १५० मिनिटं हे वाचलं की अपराधी वाटतं. आणि दहा हजार पावलं तर कधीच होत नाहीत, साडेपाच हजारांवर गाडी अडते.

रानजाई | बुधवार, रात्री ९.००

सांजपाखरू, अपराधी वाटून घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या शिफारशींत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल ठेवली, पण 'एका वेळी किमान दहा मिनिटं' ही जुनी अट काढून टाकली. तीन मिनिटंही मोजायची. बाळाला कडेवर घेऊन जिना चढलात तर ती चांगलीच मेहनत आहे. आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताकदीचं काम द्या, असंही त्यांत आहे. तुमचं बरंचसं रोजच होतंय.

दहा हजारांचा आकडा प्रयोगशाळेतून आलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावाचाच अर्थ 'दहा हजार पावलांचा मापक'. तिथून तो जगभर पसरला. २०१९ साली सरासरी ७२ वर्षांच्या सोळा हजारांहून जास्त स्त्रियांचा अभ्यास आला. २,७०० पावलांपेक्षा ४,४०० वाल्यांत मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं, आणि साधारण ७,५०० नंतर आणखी फायदा दिसेनासा झाला. तुमचं वय वेगळं आहे, पण साडेपाच हजार म्हणजे काहीच नाही असं मुळीच नाही.

सांजपाखरू | बुधवार, रात्री ९.१२

हे वाचून किती हलकं वाटलं, सांगता येत नाही.

कोरापान | गुरुवार, सकाळी ११.००

रानजाईताई, अजून एक. दुपारनंतर मान अवघडते आणि डोळे चुरचुरतात. पडदा डोळ्यांच्या बरोबर समोर ठेवलाय, जसा सगळे सांगतात तसाच. नुकतीच चाळिशी लागली, दूरचं-जवळचं एकत्र असलेला चष्मा आहे.

रानजाई | गुरुवार, दुपारी १.१५

दुखण्याचं मूळ चष्म्यातच असावं. त्यात जवळचं दिसतं ते भिंगाच्या खालच्या भागातून. पडदा डोळ्यांसमोर ठेवला की स्पष्ट दिसण्यासाठी तुम्ही नकळत हनुवटी वर करता, आणि साडेचार-पाच किलोचं डोकं तासन्‌तास मागे कलतं. पडदा चार-पाच बोटं खाली आणा आणि वरची कड थोडी मागे झुकवा. तरीही जमलं नाही तर खास पडद्याच्या अंतराचा वेगळा चष्मा करून घ्या. 'पडदा डोळ्यांच्या पातळीत' हा नियम तुमच्यासारख्यांच्या मानेला फार त्रास देतो, आणि हे कोणी सांगत नाही.

डोळे चुरचुरतात कारण पडद्याकडे बघताना पापण्या कमी मिटतात. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद, सहा मीटर दूरचं काहीतरी बघा आणि पापण्या मुद्दाम पूर्ण मिटा.

सगळ्यांसाठी एक गंभीर गोष्ट. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांना रात्री मुंग्या येऊन जाग येत असेल, हात झटकल्यावर बरं वाटत असेल, तर मनगटातली नस दाबली जात असू शकते. लवकर दाखवलं तर बहुधा पट्ट्यावर भागतं. कंबरदुखीबरोबर पायातली ताकद कमी झाली, दोन मांड्यांमधली जागा बधिर झाली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर व्यायाम करत बसू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. आणि एकाच पोटरीला अचानक सूज, दुखणं आणि ऊब आली तर ती चोळू नका, दाखवा. रक्ताची गुठळी असू शकते.

टाचणी | गुरुवार, दुपारी १.२२

शेवटचा परिच्छेद छापून मेजासमोर लावला आहे.

पाऊलखूण | सहा आठवड्यांनी, रविवार, सकाळी ८.३०

धागा वर काढतोय, कारण सांगण्यासारखं आहे.

वही चालू ठेवली. कोरापानांना सांगितलेला 'सांधा' मीही धरला. एका खात्याचा ताळा जमला की उठायचं, दारापर्यंत जाऊन यायचं. हातात वही नसेल तेव्हा चुकतं, विशेषतः महिनाअखेरीस. एकदा पावणेदोन तास बसलो. पण गेल्या आठवड्यातली सगळ्यात लांब बैठक ५५ मिनिटांची होती. पहाटेचं चालणं चाळीसवरून पंचवीस मिनिटांवर आणलं आणि वाचलेली पंधरा मिनिटं दुपारच्या जेवणानंतर चालतो. सुरुवातीला हा बदल मनाला लागला, सहा वर्षांचा नेम मोडल्यासारखं वाटलं.

साखर अजून तपासलेली नाही. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी चाचणी करायची आहे. ती रक्तातल्या लाल पेशींना चिकटलेली साखर मोजते आणि त्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, त्यामुळे घाई करून उपयोग नाही असं डॉक्टर म्हणाले. कंबर मात्र उठल्याबरोबर सरळ होते. ती चार-पाच पावलं आता लागत नाहीत.

आडवाट, तुमचं काय झालं? रोज आठवण येते.

आडवाट | रविवार, रात्री १०.५०

दादा, आठवण ठेवलीत, बरं वाटलं.

आम्ही आठ जणींनी मिळून पान दिलं, देवचाफाकाकांनी सांगितलं तसं, रजांच्या आकड्यासह. तासाला दोन मिनिटं नाकारली. हात वर करून विचारण्याची पद्धत मात्र बंद झाली, आणि लांब तारा मंजूर झाल्या. मी पाणी पुन्हा नीट प्यायला लागलेय. आता रांगेतल्या निम्म्या जणी उभ्या राहून बोलतात. दोन मिनिटांसाठी पुढच्या तिमाहीत पुन्हा पान देणार आहोत, या वेळी सह्या एकवीस आहेत.

रानजाईताई, एक विचारायचं होतं. उभं राहून बोलताना मी खुर्चीच्या पाठीला धरून टाचा उचलते. उजवी पोटरी लवकर थकते, डावी नाही. हे चालेल ना?

रानजाई | सोमवार, सकाळी ७.४०

चालेल. तुम्ही भार उजव्या पायावर जास्त टाकत असणार. आठवडाभर डाव्या पायावर मुद्दाम थोडा जास्त भार देऊन बघा आणि मला कळवा. दुखलं किंवा सूज दिसली तर लगेच थांबा.